गोळी मनाची, परिणाम अंगभर

समजा, होस्टेलवर तुमची एक रूममेट आहे. गेले तीन महिने ती रोज रात्री जेवण झालं की एक छोटी गोळी घेते. स्ट्रिप कंपासपेटीत, कॅल्क्युलेटरखाली दडवलेली असते. तुम्हाला हे माहीत आहे, कारण एका रात्री तिने रडत रडत तुम्हालाच सगळं सांगितलंय. आधी ती मेसमध्येसुद्धा यायची नाही. आता सबमिशन वेळेवर करते, रविवारी पोहे खायला खाली उतरते, मध्येच एखादा फालतू जोक मारते. गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच ती गणपतीला घरी जाते आणि परत येते ती गोळ्या बंद करूनच. का? तर घरी आलेल्या कुणी मावशी म्हणाल्या, ‘‘अगं, या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती पार खलास होते. त्यात हे डेंग्यूचे दिवस. कशाला विषाची परीक्षा?’’

चौथ्या दिवशी तिचं अंग मोडून येतं. कणकण, घाम, उठलं की गरगरणं, रात्री भलतीसलती स्वप्नं. पांघरुणात गुरफटून ती तुम्हाला म्हणते, ‘‘बघ, मावशीचं खरं निघालं. गोळ्यांनी माझी इम्युनिटी गेलीच.’’

तुम्ही काय सांगाल तिला?

रूममेट काल्पनिक आहे, पण हा प्रश्न तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर, फॅमिली ग्रुपवर, मेडिकलच्या काउंटरवर खरोखर विचारला जातो. आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर ज्याला काहीच माहीत नसतं तोच सगळ्यात ठासून देतो. म्हणून आज जरा नीट बघू या. डिप्रेशनवरची औषधं आणि आपली प्रतिकारशक्ती यांचा संबंध आहे का? आहे. अगदी जवळचा आहे. फक्त मावशींना वाटतो तसा नाही.

मागचा ताप आठवा

तुम्हाला शेवटचा सणसणीत ताप कधी आला होता? चिकुनगुनिया, फ्लू, काहीही. तेव्हा मन कसं होतं ते आठवा. कुणाशी बोलू नये, मोबाइल बघू नये, आवडता पदार्थ समोर आला तरी नको. तोंडाची चव गेलेली, डोकं बधिर, उगाचच रडू येतंय. आईने मेतकूट-भात पुढे केला तरी चिडचिड.

आता या यादीतला ताप काढून टाका आणि उरलेलं पुन्हा वाचा. डिप्रेशनच्या लक्षणांची यादी वाचल्यासारखं वाटतं की नाही?

हा योगायोग नाही. जंतू अंगात शिरले की आपल्या रोगप्रतिकारक पेशी ‘सायटोकाइन’ नावाची प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप. ‘इकडे शत्रू आहे, या,’ असा त्यांचा मजकूर. पण हे निरोप फक्त पेशींपुरते राहत नाहीत. काही रक्तातून, काही पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत थेट मेंदूपर्यंत पोहोचतात. मेंदू मग हुकूम काढतो : पडून राहा, खाऊ नकोस, माणसांत जाऊ नकोस, सगळी ताकद लढाईसाठी वाचव. शास्त्रज्ञ याला ‘आजारी वर्तन’ म्हणतात. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकातल्या अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलं की आजारी जनावराचं कोपऱ्यात मलूल पडून राहणं हा निव्वळ अशक्तपणा नसतो, ती शरीराने मुद्दाम आखलेली योजना असते. घरी कुत्रा-मांजर असेल तर हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

योजना चार दिवसांची असते तोवर ठीक. पण ते निरोप थांबलेच नाहीत तर? शत्रू नसताना भोंगा वाजतच राहिला तर?

औषधाने आणलेलं नैराश्य

याचं उत्तर डॉक्टरांना एका वेगळ्याच वॉर्डात मिळालं. हेपेटायटिस सी आणि काही प्रकारचे कॅन्सर यांवर ‘इंटरफेरॉन अल्फा’ नावाचं इंजेक्शन बरीच वर्षं दिलं जायचं. इंटरफेरॉन हे स्वतःच एक सायटोकाइन. म्हणजे प्रतिकारशक्तीला बाहेरून दिलेली हाक. ही इंजेक्शनं सुरू झाली की आधी मनाने ठणठणीत असलेली अनेक माणसं काही आठवड्यांत खरोखरच्या डिप्रेशनमध्ये जायची. त्यांच्या आयुष्यात नवं काही दुःख घडलेलं नसायचं. बदललेलं असायचं ते फक्त रक्तातलं रसायन.

मग संशोधकांनी उलटा विचार केला. इंजेक्शन सुरू करायच्या आधीपासूनच डिप्रेशनवरची गोळी दिली तर? २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर झालेले आणि इंटरफेरॉनचे मोठे डोस घेणार असलेले ४० रुग्ण. निम्म्यांना पॅरॉक्सेटिन ही गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गोळीवरच्या २० पैकी ९ जणांना डिप्रेशन आलं. पॅरॉक्सेटिन घेणाऱ्या गटातल्या १८ पैकी फक्त दोघांना.

प्रयोग छोटा होता. पण त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, प्रतिकारयंत्रणेतला गोंधळ मनाला खाली ओढू शकतो. दोन, मनाच्या म्हणवल्या जाणाऱ्या गोळीने त्या ओढीला बांध घालता येतो.

परीक्षा आणि टाळूवरची जखम

हा रस्ता दुहेरी आहे. शरीराकडून मनाकडे निरोप जातात, तसेच मनाकडून शरीराकडेही येतात. याचं एक उदाहरण तर तुमच्याआमच्यासाठीच बनवल्यासारखं आहे.

१९९८ साली अमेरिकेत डेंटलच्या ११ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली गेली (अर्थात त्यांच्या संमतीने). एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. मग रोज मोजायचं, जखम किती भरली. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. म्हणजे ४० टक्के जास्त वेळ. आणि ११ पैकी एकाचीही जखम परीक्षेत सुट्टीइतक्या वेगाने भरली नाही. तीच तोंडं, तीच जखम, फरक फक्त टेन्शनचा.

तेव्हा सेमिस्टरच्या तोंडावर सर्दी होते, तोंड येतं, पिंपल्स उठतात हे निव्वळ ‘तुझ्या मनाचे खेळ’ नसतात. सततचा ताण प्रतिकारयंत्रणेची घडी विस्कटतो. जिथे जोर हवा तिथे ती ढिली पडते आणि जिथे शांत राहायला हवं तिथे मंद आचेवर धुमसत राहते. या धुमसण्याला वैद्यकीय मराठीत ‘दाह’ म्हणतात. डिप्रेशन असलेल्या अनेकांच्या रक्तात या दाहाच्या खुणा सापडतात. आयएल-६, टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइन्स वाढलेली असतात. करोनाच्या काळात घराघरात पाठ झालेली सीआरपी टेस्ट आठवते? तीही त्यातलीच. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा डिप्रेशन असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांमध्ये सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त निघाला.

२७ टक्के, हा आकडा लक्षात ठेवा. सगळे नाहीत. याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

टीबीच्या वॉर्डात नाच

आता गोळीकडे वळू. डिप्रेशनवरच्या पहिल्यावहिल्या औषधांपैकी एक औषध मनोरुग्णालयात सापडलंच नाही, ते सापडलं टीबीच्या हॉस्पिटलात. १९५२, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचं सी व्ह्यू हॉस्पिटल. टीबीच्या जंतूंवर ‘इप्रोनियाझिड’ नावाचं नवं औषध आजमावलं जात होतं. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेले रुग्ण ते घेतल्यावर उठून बसू लागले, जेवण मागू लागले, हसू-बोलू लागले. काही जण वॉर्डात चक्क नाचले आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले. फुप्फुसं अजून पुरती बरी झालेली नसताना मन इतकं उजळतं कसं, हा प्रश्न डॉक्टरांना पडला. पुढे १९५७ च्या सुमारास नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध डिप्रेशनच्या रुग्णांना दिलं आणि तिथेही गुण दिसला. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे इप्रोनियाझिड नंतर मागे पडलं. पण दार उघडलं ते उघडलंच.

आज तुमच्या वयाच्या मुलामुलींना बहुतेक वेळा आधी दिली जातात ती ‘एसएसआरआय’ गटातली औषधं : फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम वगैरे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की एका पंपाने परत खेचून घेतात. ही औषधं तो पंप अडवतात. इतकं तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलं असेल. रीलमध्ये सहसा नसतं ते पुढचं.

शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्यात असतं. तिथून रक्तातल्या प्लेटलेट्स, हो, डेंग्यूत मोजतात त्याच प्लेटलेट्स, ते उचलून साठवतात. ज्या पंपाने उचलतात तो पंप मेंदूतल्यासारखाच. शिवाय अनेक रोगप्रतिकारक पेशींवर सेरोटोनिन ओळखणारे ग्राहक असतात. म्हणजे गोळी गिळल्यावर ती ‘मला फक्त मेंदूत सोडा’ असं काही रक्ताला सांगत नाही. ती सगळीकडे जाते आणि जिथे तो पंप आहे तिथे आपलं काम करते.

मग प्रतिकारयंत्रणेचं होतं तरी काय? उपचारांआधी आणि उपचारांनंतर रक्त तपासणारे बरेच अभ्यास झालेत. त्यांची गोळाबेरीज अशी, की औषध सुरू झाल्यावर आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी सायटोकाइन्स सरासरीने कमी होतात. धुमसणारी आच मंद होते. यात किती भाग गोळीचा थेट आणि किती भाग झोप-जेवण-फिरणं सुधारल्याचा, यावर अजून वाद आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर थेट परिणामही दिसतो, त्यामुळे बहुधा दोन्हीचा वाटा आहे.

इथे मावशींची गफलत कळते. आपण प्रतिकारशक्तीला गच्चीवरच्या टाकीसारखं समजतो, भरली की चांगलं, उतरली की वाईट. खरं म्हणजे ती सोसायटीच्या वॉचमनसारखी आहे. चोर आल्यावर जागा असलेला हवा. पण दूधवाला, पेपरवाला, जिन्यातलं मांजर, प्रत्येकावर रात्रभर शिट्टी फुंकणारा वॉचमन असेल तर तो जास्त ताकदवान म्हणायचा का? सगळी सोसायटी झोपेअभावी आजारी पडेल. दाह कमी होणं म्हणजे वॉचमन नोकरी सोडून गेला असं नव्हे. तो उगाच शिट्ट्या मारायचा थांबला, इतकंच.

मग लस चालते का?

‘हे झालं रक्तातल्या आकड्यांचं, खऱ्या जंतूशी गाठ पडली तर?’ असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. त्याची एक चांगली कसोटी म्हणजे लस. लस टोचली की प्रतिकारयंत्रणा किती चोख तयारी करते ते मोजता येतं.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्या लोकांना नागिणीची लस दिली. ४० जणांना डिप्रेशन होतं, ५२ जणांना नव्हतं. दोन वर्षं त्यांची तपासणी होत राहिली. डिप्रेशन असून औषध न घेणाऱ्यांच्या शरीराने लसीला कमी प्रतिसाद दिला. आणि डिप्रेशनवरची औषधं घेणाऱ्यांचा प्रतिसाद? तो डिप्रेशन नसलेल्यांच्या बरोबरीचा निघाला. मनाची लक्षणं पुरती ओसरली नसतील तरीसुद्धा.

पुन्हा वाचा. प्रतिकार ढिला पडला होता तो आजाराने. गोळी घेणाऱ्यांचा तो ढिला पडला नाही. हा एकच अभ्यास, तोही वयस्कर लोकांवरचा, म्हणून त्याचा झेंडा करून मिरवायला नको. पण ‘गोळ्यांनी इम्युनिटी जाते’ या वाक्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला तो बोट दाखवतो, हे मान्य करायला हवं.

पण थांबा, हे टॉनिक नव्हे

आता गडबड दुसऱ्या बाजूने होऊ शकते. ‘अरे वा, म्हणजे ही गोळी प्रतिकारशक्तीसाठीही चांगली!’ असा मेसेज फॉरवर्ड व्हायला किती वेळ लागणार? हा मोह मोठमोठ्या लोकांनाही झालाय.

२०२० मध्ये करोना भरात असताना अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात फ्लुवॉक्सामिन या जुन्या, स्वस्त गोळीचा प्रयोग झाला. ही गोळी डिप्रेशन आणि ओसीडीसाठी वापरली जाते. पेशींमधल्या सिग्मा-१ नावाच्या रिसेप्टरला ती चिकटते आणि त्यामार्फत सायटोकाइन्सचा उद्रेक आवरतो, असं उंदरांमध्ये आधीच दिसलं होतं. प्रयोगातल्या १५२ करोना रुग्णांपैकी फ्लुवॉक्सामिन घेणाऱ्या ८० पैकी एकाचीही तब्येत बिघडली नाही. औषध नसलेल्या गोळीवरच्या ७२ पैकी सहा जणांची बिघडली. जगभर खळबळ. मग ब्राझीलमध्ये जवळपास १,५०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. ज्यांना बराच वेळ इमर्जन्सीत ठेवावं लागलं किंवा मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं त्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. आशा वाढली.

आणि मग अमेरिकेतल्या नंतरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये, काहींत डोस कमी होता पण एकीत वाढवलेलाही होता, असा फायदा दिसलाच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२२ मध्ये करोनासाठी या गोळीला तातडीची परवानगी नाकारली.

या गोष्टीचा धडा काय? गोळी प्रतिकारयंत्रणेशी बोलते हे खरं. पण बोलते म्हणजे ती आपल्याला हवं ते काम करून देईलच असं नाही. उंदरांत दिसलेलं, पेशींच्या बशीत दिसलेलं माणसात उतरेलच असंही नाही. तेव्हा ‘अँटिडिप्रेसंटने अमुक इन्फेक्शन बरं होतं’ किंवा ‘कॅन्सरशी लढता येतं’ अशी हेडलाइन दिसली की आधी शोधा, हा प्रयोग कुणावर झालाय? उंदरावर की माणसावर?

सगळ्यांचं डिप्रेशन एक नसतं

आता त्या २७ टक्क्यांकडे परत. डिप्रेशनच्या मागे दाह असतो, तर सरळ दाहावरचंच औषध का देऊ नये? हेही करून पाहिलंय. २०१३ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब आजमावलं. हे संधिवातासारख्या आजारांत वापरलं जाणारं, टीएनएफ-अल्फाला अडवणारं औषध. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर औषध नसलेल्या सलाइनपेक्षा काही फरक नाही. पण ज्यांचा सीआरपी सुरुवातीलाच ५ च्या वर होता, त्यांना फायद्याची चिन्हं दिसली. ज्यांचा सीआरपी कमी होता, त्यांना उलट नुसतं सलाइनच बरं ठरलं.

म्हणजे एकाच नावाखाली आपण बहुधा अनेक वेगवेगळे आजार कोंबलेत. कुणाच्या डिप्रेशनमध्ये दाह धुमसतोय, कुणाच्या नाही. उद्या कदाचित डॉक्टर आधी रक्त तपासून ठरवतील, कुणाला कुठलं औषध लागू पडेल. आज मात्र हे रोजच्या उपचारात आलेलं नाही. तेव्हा लॅबमधून सीआरपी करून आणून स्वतःच निदान करू नका. आणि ‘दाह कमी करायचाय’ म्हणून स्टेरॉइड किंवा पेनकिलर तर मुळीच घेऊ नका.

तुमच्या मैत्रिणीला एक गोळी लागू पडली आणि तुम्हाला नाही, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, हेही यातून कळतं. वेगळी गोळी, वेगळा डोस, समुपदेशन, यांचा मेळ घालायला वेळ लागतो. पहिल्या गोळीचा गुण दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे जातात.

खरंच लक्ष ठेवायचं ते इथे

या औषधांना दुष्परिणाम नाहीत असं कुणी म्हणत असेल तर तोही थापाच मारतोय. फक्त भीती योग्य जागी हवी. तुमच्या उपयोगाच्या काही गोष्टी :

पेनकिलर : प्लेटलेट्सना रक्त गोठवायला सेरोटोनिनची मदत होते. एसएसआरआय चालू असताना त्यांच्यातला साठा कमी होतो. त्यात पाळीच्या दुखण्यासाठी किंवा मुरगळलेल्या पायासाठी आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर रक्तस्रावाचा, विशेषतः पोटातल्या, धोका वाढतो. डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि डेंग्यूची शंका असेल तर या दोन गोळ्या कुणीच घ्यायच्या नसतात.

ताप आणि घसा : मिर्टाझापिन नावाचं एक वेगळ्या गटातलं औषध आहे. त्यात अगदी क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. मावशींच्या भीतीला कुठे थोडाफार आधार असेलच, तर तो इथे. हे औषध चालू असताना ताप, घसादुखी, तोंडात फोड आले तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध : लिनेझोलिड हे अँटिबायोटिक बिकट टीबीतही देतात. गंमत बघा, १९५२ च्या त्या इप्रोनियाझिडसारखाच, पण सौम्य परिणाम त्यात असतो. एसएसआरआयबरोबर ते घेतलं तर सेरोटोनिन गरजेपेक्षा फार वाढून जिवावर बेतू शकतं. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची सिरप यांबाबतही सावध राहा. म्हणून सर्दी-तापाला गेलात तरी डॉक्टरांना सांगायचं, ‘मी ही गोळी घेतो’ किंवा ‘घेते’. लाज कसली? थायरॉइडची गोळी सांगतो तसंच.

पहिले काही आठवडे : पंचविशीच्या आतल्या काही जणांमध्ये औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत ही ठळक सूचना २००४ मध्ये मुलांसाठी आली आणि २००७ मध्ये १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठीही लागू झाली. याचा अर्थ औषध घेऊ नका असा नाही. त्या दिवसांत एकटं राहू नका, डॉक्टरांची तारीख चुकवू नका आणि अस्वस्थता वाढली तर लगेच कळवा, असा आहे.

तर, रूममेटला काय सांगाल?

आता तिच्या तापाकडे येऊ. तिचं अंग का मोडून आलं?

ही औषधं एकदम बंद केली की काही दिवसांत अनेकांना अंगदुखी, थंडी वाजणं, घाम, मळमळ, चक्कर, चित्रविचित्र स्वप्नं, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असे त्रास होतात. हुबेहूब फ्लूसारखं वाटतं. याचा अर्थ व्यसन लागलं असा नाही. ज्या औषधाशी शरीराने जुळवून घेतलं होतं ते अचानक नाहीसं झालं, म्हणून ते गडबडलं. म्हणजे तुमची रूममेट जिला ‘गोळ्यांनी गेलेली इम्युनिटी’ समजतेय, ती कदाचित गोळ्या बंद केल्याची खूण असेल. मावशींच्या सल्ल्याने जे घडलं, तोच मावशींचा पुरावा ठरला!

अर्थात दिवस डेंग्यूचे आहेत. खरा तापही असू शकतो. तुम्ही काय डॉक्टर आहात का घरबसल्या ठरवायला? म्हणून थर्मामीटर लावा, ताप असेल तर रक्ततपासणीला घेऊन जा. आणि त्याच दिवशी तिच्या सायकायट्रिस्टना फोन करायला लावा. राहिलेली गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करायची नाही की दोन एकदम घ्यायच्या नाहीत. औषध थांबवायचंच असेल तर तेही थांबवता येतं. पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू, पायरी पायरीने.

कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा. स्वतःसाठी नको वाटत असेल तर रूममेटसाठी.

आणि मावशींवर चिडू नका. त्यांची काळजी खरी आहे, फक्त माहिती अर्धी आहे. मनाचा आजार आणि शरीराचा आजार हे दोन वेगळे कप्पे आहेत असं त्यांना शिकवलं गेलं, तसंच आपल्यालाही. म्हणून शुगरची गोळी डायनिंग टेबलवर असते आणि डिप्रेशनची कंपासपेटीत, कॅल्क्युलेटरखाली. रक्तातल्या पेशी मात्र असले कप्पे मानत नाहीत. त्यांच्यासाठी मन आणि शरीर एकाच चाळीत राहतात, भिंतीला भिंत लागून. एका घरात भांडं पडलं की आवाज दुसऱ्या घरात जातोच.

आज रात्री जेवण झालं की तिच्या शेजारी जाऊन बसा. भाषण देऊ नका. एवढंच म्हणा, ‘‘उद्या पहिलं लेक्चर बुडवू या. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर.’’